रोज ड्रॉइंग वाचणारीनं केलेला ड्रॉइंगचा कोर्स

कोर्स घ्यावा का, हे आधीच सांगून टाकते. घ्यावा. पण पहिल्या धड्यापासून ओळीनं बघत बसू नका. प्रोजेक्शनचे, म्हणजे एकच वस्तू वेगवेगळ्या बाजूंनी कागदावर मांडण्याचे, धडे झाले की सरळ मापांच्या भागाकडे जा. अक्षरलेखन, आयसोमेट्रिक (तिन्ही बाजू एकदम दाखवणारं तिरकं चित्र) वगैरे मागाहून बघितलं तरी काही बिघडत नाही.

मी इन्स्पेक्शनला आहे. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे बनवलेला सुटा भाग, माझ्या टेबलावर येतो, सोबत त्याचं ड्रॉइंग येतं, आणि व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज, प्लग गेज घेऊन त्या दोघांचं जुळतंय का ते मी बघते. ड्रॉइंग वाचणं हे रोजचंच. काढणं मात्र कधी वाट्याला आलं नव्हतं. एखादं माप असं का दिलंय म्हणून डिझाइनवाल्यांना विचारायला गेलं की "तुम्हाला डिझाइनमधलं कळायचं नाही" हे उत्तर ठरलेलं. म्हटलं, बघू तरी काय कळायचं नाही ते. म्हणून मेकॅनिकल डिझाइन आणि ड्रॉइंगची तोंडओळख करून देणारा हा ऑनलाइन कोर्स घेतला. सोबतीला भाचा होता. त्याला यातलं काहीच येत नाही, त्यामुळे अगदी कोऱ्या पाटीच्या माणसाला कोर्स कसा वाटतो हेही शेजारी बसून बघता आलं.

कोर्सचं नाव लिहीत नाही. याच मांडणीचे कोर्स पुष्कळ आहेत, आणि खाली जे म्हणतेय ते त्यातल्या कुठल्याही कोर्सची अनुक्रमणिका समोर ठेवून ताडून बघता येईल.

स्वरूप नेहमीचंच. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, प्रत्येक भागाच्या शेवटी एक शीट काढून पाठवायचं आणि पलीकडून एक माणूस ते तपासून शेरे मारून परत धाडतो. हा तपासणारा माणूस हीच कोर्सची खरी मिळकत आहे, त्याच्याकडे येतेच.

सुरुवात हातानं काढण्यापासून. ए३ कागद, दोन सेट स्क्वेअर, कंपास, आखणीला २एच आणि ठळक रेघेला एचबी पेन्सिल. भाचा लगेच कुरकुरला, "मावशी, कॅड असताना हे कशाला?" शिकवणाऱ्यांनी याचं उत्तर बरं दिलंय. कॅडचं सॉफ्टवेअर तुमच्यासाठी व्ह्यू काढून देतं, पण कुठला व्ह्यू लागेल हे ते ठरवत नाही. ते ठरवायची सवय हात चालवल्यावरच लागते. इथवर मान्य. पण त्यानंतर अक्षरं गिरवायला अख्खं शीट! आजच्या घडीला कुणीही शीर्षकाचा चौकोन हातानं भरत नाही. त्यापेक्षा फ्री-हँड स्केच काढायला लावली असती तर फायदा झाला असता, कारण जॉबशेजारी उभं राहून कागदाच्या कपट्यावर काढलेली स्केच आजही रोज लागते. रेघांचे प्रकार मात्र नीट शिकवलेत. दिसणारी कड जाड आणि सलग, लपलेली कड तुटक, मध्यरेषा लांब-आखूड-लांब, माप देण्याच्या रेघा बारीक. जाड आणि बारीक यांचं प्रमाण दोनास एक, म्हणजे ०.५ ला ०.२५ किंवा ०.७ ला ०.३५ मिलिमीटर. हे प्रमाण सोडलं की छापील ड्रॉइंगवर जॉबची कड कुठली आणि मापाची रेघ कुठली हे डोळे ताणून शोधावं लागतं. हा त्रास माझ्या नेहमीच्या ओळखीचा.

प्रोजेक्शनचे धडे छान आहेत. गास्पार मोंज या फ्रेंच गणितीनं अठराव्या शतकात किल्ल्यांच्या बांधणीसाठी ही पद्धत बसवली आणि सैन्यानं ती बरीच वर्षं गुपित म्हणून ठेवली, ही गोष्ट सांगून सुरुवात केल्यामुळे भाचा एकदम सरसावून बसला. मग फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारा व्ह्यू समोरच्या व्ह्यूच्या खाली येतो आणि डावीकडून दिसणारा उजवीकडे. थर्ड अँगलमध्ये वरचा वर, डावीकडचा डावीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल, युरोपात फर्स्ट अँगल. कोपऱ्यात छाटलेल्या शंकूचं चिन्ह असतं, त्यावरून कुठली पद्धत ते ओळखायचं. कोर्समध्ये यासाठी एक फार चांगला अभ्यास आहे: एकाच ब्रॅकेटचे तेच ते व्ह्यू देतात, चिन्ह तेवढं बदलतात आणि पुठ्ठ्याची दोन मॉडेलं करायला लावतात. दोन्ही मॉडेलं एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा निघतात. जॉब सगळ्या मापांत बरोबर असूनही डाव्या हाताच्या जागी उजव्या हाताचा कसा होतो, हे भाच्याला एका संध्याकाळी कळलं.

सेक्शनचा, म्हणजे वस्तू कापून आतलं दाखवण्याचा, धडा ठीक. कापलेल्या भागावर ४५ अंशांत हॅचिंग करायचं, म्हणजे समांतर रेघा मारायच्या, पण शाफ्ट (फिरणारा दांडा), बोल्ट, नट, की (शाफ्टला पुलीशी अडकवणारी पाचर) आणि रिब (आधाराची पातळ भिंत) लांबीतून कापल्या गेल्या तरी त्यांच्यावर हॅचिंग करायचं नाही, हा नियम सांगितलाय. का, ते मात्र सांगितलं नाही. या वस्तूंच्या आत बघण्यासारखं काही नसतं, आणि रिबवर हॅचिंग केलं तर ती रिब न वाटता भरीव ठोकळा वाटते. एका वाक्याचं काम होतं.

आता मापांचा भाग. कोर्सचे पैसे वसूल होतात ते इथे.

शिकवणाऱ्या बाई पहिल्याच वाक्यात म्हणतात की ड्रॉइंग काढताना डोळ्यांसमोर दोन माणसं ठेवा, एक बनवणारा आणि एक मोजणारा. मी मोजणारी! इतकी वर्षं मी हेच ओरडत होते. लगेच उदाहरण येतं ते की-वेचं, म्हणजे की बसायच्या खाचेचं. २५ मिलिमीटरच्या शाफ्टवर ८ रुंदीची की बसते आणि शाफ्टमधली खाच ४ मिलिमीटर खोल. नवशिका सरळ ४ लिहून मोकळा होतो. पण हे ४ मोजायचे कुठून? खाच पाडली की शाफ्टचा तिथला माथाच कापला जातो. डेप्थ गेज टेकवायला जागा उरत नाही. म्हणून समोरच्या बाजूपासून खाचेच्या तळापर्यंत २१ हे माप द्यायचं. मायक्रोमीटरचं एक टोक शाफ्टच्या पाठीला, दुसरं खाचेत, झालं काम. असंच दोन भोकांच्या मधल्या अंतराचं. केंद्र हवेत असतं, त्याला व्हर्नियर लावता येत नाही. आतल्या कडांमधलं आणि बाहेरच्या कडांमधलं अंतर घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते. हे ज्यानं कधी केलंय तोच असा धडा लिहू शकतो.

मग साखळीनं मापं देण्याचा विषय. एका पट्टीवर सहा भोकं, प्रत्येक दोन भोकांत २० चं अंतर, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ±०.२. दिसायला नीटस. पण पहिल्यापासून सहाव्या भोकापर्यंत पाच अंतरं आहेत, आणि सगळी एकाच बाजूला झुकली तर शेवटचं भोक पूर्ण १ मिलिमीटर सरकतं. प्रत्येक माप टॉलरन्सच्या आत, मी सगळ्यांवर बरोबरची खूण करणार, आणि जुळणीच्या वेळी बोल्ट जाणार नाही. त्याऐवजी सगळी मापं एकाच कडेपासून दिली तर शेवटचं भोकसुद्धा ±०.२ मध्येच राहतं. कोर्स इथे थांबत नाही, हे मला विशेष वाटलं. एका कडेपासून दिलेल्या मापांत शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर ±०.४ पर्यंत हलू शकतं, हेही दाखवलंय. म्हणजे पट्टीचं काम काय, हे आधी माहीत हवं. कडेशी जुळायचं असेल तर कडेपासून. दोनच भोकं एकमेकांशी जुळायची असतील तर त्यांच्यातलं माप थेट. ही निवड म्हणजेच डिझाइन, आणि ती कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

फिटचा, म्हणजे शाफ्ट भोकात किती सैल किंवा घट्ट बसावा याचा, धडाही याच तोडीचा. २५ एच७/जी६ असं लिहिलेलं मी शेकडो वेळा वाचलंय. गेज कुठलं घ्यायचं तेवढं त्यावरून कळायचं. कोर्सनं ते उलगडून दाखवलं. २५ च्या एच७ भोकाला शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मुभा. जी६ शाफ्ट उणे ७ ते उणे २० मायक्रॉन. म्हणजे कमीत कमी ७ मायक्रॉन सैल, जास्तीत जास्त ४१. तेलाच्या पातळ थरावर फिरायला पुरेसं. शाफ्टची मुभा पी६ केली, तर ती अधिक २२ ते अधिक ३५. मग १ ते ३५ मायक्रॉन घट्ट, म्हणजे प्रेसनंच बसवायचं. भोक तेच ठेवून शाफ्ट बदलत जायचा, कारण रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) ठरावीक मापांचे मिळतात आणि शाफ्ट मात्र हवा तितका घासता येतो. भाच्याला यातलं अक्षर आणि आकडा वेगळे करता येईनात. मग त्याला सांगितलं, अक्षर म्हणजे पट्टा कुठे बसतो ते आणि आकडा म्हणजे पट्टा किती रुंद ते. कोर्समध्ये हेच एका आकृतीत आहे, पण ती आकृती अर्ध्या मिनिटात पडद्यावरून जाते. थांबवून कागदावर उतरवून घ्या.

एक गोष्ट मात्र या भागात हवी होती आणि नाही: तापमान. मापं २० अंश सेल्सिअसला धरतात, हा जगभरचा ठराव आहे. १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब १० अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण २३ मायक्रॉन वाढतो, म्हणजे या मापाच्या एच७ ची ३५ मायक्रॉनची मुभा जवळजवळ दोन तृतीयांश तिथेच संपली. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब मी थोडा वेळ तसाच ठेवते, तेव्हा लोकांना वाटतं मी वेळ काढतेय. फिटच्या धड्यात याला दोन मिनिटं द्यायला हवी होती.

भौमितिक टॉलरन्सची, म्हणजे आकारात आणि जागेत किती चूक चालेल त्याची, फक्त झलक आहे. तरी भोकाच्या जागेबद्दलचं उदाहरण सुरेख. आडवं-उभं ±०.१ दिलं तर भोकाच्या केंद्राला फिरायला ०.२ बाजूचा चौकोन मिळतो. चौकोनाच्या कोपऱ्यात केंद्र असेल तर ते खऱ्या जागेपासून ०.१४ लांब असतं आणि तरी पास होतं, बाजूला ०.१२ लांब असेल तर रिजेक्ट. कमी चुकलेला जॉब फेकायचा आणि जास्त चुकलेला घ्यायचा! त्याऐवजी ०.२८ व्यासाचं वर्तुळ दिलं तर सगळ्या दिशांना सारखा न्याय, आणि जागाही चौकोनापेक्षा दीडपटीहून अधिक. हा धडा झाल्यावर मी कामावरची दोन-तीन जुनी ड्रॉइंग्ज काढून बघितली. आमच्याकडे अजून चौकोनच आहेत.

इथून पुढे कोर्सची पकड सुटते.

कॅडचा भाग दुसऱ्या कुणीतरी शिकवलाय आणि ते जाणवतं. फ्रीकॅड वापरलंय, ही निवड चांगली. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून, आधीचं एखादं माप बदलल्यावर पुढचं सगळं मॉडेल विस्कटण्याचा जुना दोष बराच आटोक्यात आलाय. स्केचला बंधनं घालत गेलं की उरलेली हलण्याची मोकळीक कमी होत जाते आणि पूर्ण बांधली की स्केच हिरवी होते, हे भाच्याला खेळासारखं आवडलं. पण शिकवणारे गृहस्थ चौकोनी खळगा काढतात आणि आतले चारही कोपरे काटकोनात टोकदार ठेवतात. मिलिंग कटर गोल फिरतो. आतल्या कोपऱ्यात त्याच्या त्रिज्येइतकी गोलाई राहणारच. टोकदार कोपरा हवाच असेल तर दुसरी प्रक्रिया लावावी लागते आणि खर्च कितीतरी वाढतो. मापांच्या भागात "बनवणारा डोळ्यांसमोर ठेवा" म्हणणाऱ्या बाईंनी हा व्हिडिओ बघितला होता की नाही, कोण जाणे.

त्याच गृहस्थांनी नमुन्याच्या ड्रॉइंगवर सरसकट आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा, मायक्रॉनमध्ये) ०.८ टाकलंय. सगळ्या पृष्ठभागांना! बेअरिंग बसतं तिथे ०.८ समजू शकते. तिथे ग्राइंडिंग किंवा अगदी निगुतीनं टर्निंग करतात. पण ज्या बाजूला काही टेकतही नाही तिला ३.२ पुरतं. तेच टॉलरन्सचं. जिथे विशेष गरज नाही तिथे आयएसओ २७६८ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकातला मध्यम वर्ग लिहिला की ६ ते ३० मिलिमीटरला ±०.२ आणि ३० ते १२० ला ±०.३ आपोआप लागू होतं, वेगळं काही लिहावं लागत नाही. ही ओळ कोर्सच्या शीर्षक-चौकोनात छापलेली आहे, पण तिच्याबद्दल चकार शब्द नाही.

शेवटचा प्रकल्प म्हणजे दोन बेअरिंगांवर फिरणारा, एका टोकाला पुली असलेला शाफ्ट. बेअरिंग ६२०५. शेवटचे ०५ ला ५ नं गुणलं की आतला व्यास २५. बाहेरचा ५२, रुंदी १५. इथे डिझाइन म्हणजे काय याची पहिल्यांदा चव लागते. बेअरिंग टेकायला शाफ्टवर खांदा, म्हणजे व्यास वाढल्यानं झालेली पायरी, लागतो. खांद्याच्या कोपऱ्यात गोलाई जितकी मोठी तितका ताण कमी साठतो आणि शाफ्ट तिथे तडकण्याची भीती कमी. पण ६२०५ च्या कडेची गोलाई कमीत कमी १ मिलिमीटर धरतात. शाफ्टची गोलाई त्याहून मोठी ठेवली तर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही, गोलाईवर चढून तिरकं बसतं. दोन गरजा, एकच कोपरा. हे भांडण कोर्सनं नीट मांडलंय आणि खाच मारून किंवा मध्ये रिंग घालून ते कसं सोडवतात तेही दाखवलंय.

शाफ्टच्या वाकण्याबद्दलचा धडाही पटण्यासारखा. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणून २५ चा ३० केला की ताठपणा दुपटीहून थोडा जास्त. आणि वाकतोय म्हणून भारीचं पोलाद घेऊन काही होत नाही, कारण साधं असो की भारीचं, पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक (वाकायला किती विरोध होतो त्याचं माप) २०० गिगापास्कलच्या आसपासच असतो. भारीचं पोलाद तुटायला उशीर लावतं, वाकायला नाही. हे डिझाइनवाल्यांपैकीही सगळ्यांच्या डोक्यात पक्कं नसतं, एवढं बोलून थांबते.

पण मग सुरक्षा गुणांक, म्हणजे लागेल त्याच्या किती पट ताकद ठेवायची ते. "इथे ३ घेऊ" म्हणून पुढे जातात. ३ का? २ का नाही? फिरत्या शाफ्टवरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो, त्यामुळे एकदाच्या भारानं जो तुटणार नाही तो लाखो फेऱ्यांनी तुटू शकतो. मग कुठला ताण धरून गुणांक काढलाय? याला फटीग म्हणतात. तो शब्द एकदाच येतो, आणि "हे पुढच्या कोर्समध्ये" म्हणून जातो. तोंडओळखीच्या कोर्समध्ये गणित नको हे मान्य, पण गणित टाळताना विषयच टाळलाय.

आता तपासणारा माणूस. त्याचं नाव कळत नाही, फक्त लाल शाईतले शेरे येतात. माझ्या पहिल्या मोठ्या शीटवर त्यानं लिहिलं: "हे माप तुम्ही कसं मोजाल?" इन्स्पेक्शनवालीला हा प्रश्न! आधी राग आला, मग बघितलं तर प्रश्न रास्त होता. भाच्याच्या एम१० च्या आट्याच्या भोकाशेजारी त्यानं विचारलं, "ड्रिल कितीचं? आटे किती खोल? ड्रिल किती खोल?" भाच्यानं दोन्ही खोल्या सारख्या दिल्या होत्या. टॅपच्या (आटे पाडणाऱ्या हत्याराच्या) टोकाचे आटे अपुरे असतात, त्यामुळे ८.५ चं ड्रिल आट्यांपेक्षा खोल जायलाच हवं, हे त्याला त्या तीन प्रश्नांतून स्वतः शोधावं लागलं. असा माणूस उत्तर लिहून देत नाही, म्हणून काहींना तो आवडणार नाही. उत्तर यायला वेळही लागतो. एक शीट पाठवून दुसऱ्याला हात लावावा आणि मग पहिलं परत यावं असं सर्रास होतं. चालवून घ्या. ज्या कोर्समध्ये तपासणी संगणकच करतो आणि फक्त गुण दाखवतो, तो फुकट असला तरी मी घेणार नाही.

कुणी घ्यावा? लेथ, मिलिंग, इन्स्पेक्शन, खरेदी, जुळणी अशा कुठल्याही कामात ज्यांच्या हातात ड्रॉइंग येतं त्यांनी जरूर. डिप्लोमा-डिग्रीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी मापांच्या आणि फिटच्या भागासाठी. ज्यांना फक्त थ्री-डी प्रिंटरसाठी मॉडेल करायला शिकायचंय त्यांना अर्धा कोर्स कंटाळवाणा वाटेल. त्यांनी कॅडचा वेगळा कोर्स बघावा, आणि शक्यतो हे गृहस्थ नसलेला. ज्यांना नोकरीसाठी प्रमाणपत्र हवंय त्यांच्यासाठी सांगते, शेवटी प्रमाणपत्र मिळतं, पण मुलाखतीत दाखवायचं असेल तर लाल शेऱ्यांसकट शाफ्टचं शीट दाखवा. समोरचा जाणकार असेल तर तेच बघेल.

भौमितिक टॉलरन्सचा पुढचा कोर्स त्याच लोकांचा आहे. तपासणारा हाच असेल तर मी घेणार, तसं त्यांना विचारून ठेवलंय. भाचा नको म्हणतोय. त्याला आधी लेथवर उभं राहून तो शाफ्ट स्वतः करून बघायचाय, खांद्याच्या गोलाईसकट. करू दे. झाला की माझ्याच टेबलावर येणार आहे.